तापी-अनेरच्या पात्रात गारगोट्या, शिंपले वेचायचे आहेत: कुठे बघायचं, काय आणायचं, आणल्यावर काय करायचं?

अनेरकाठ

नमस्कार मंडळी. मे महिन्यात पाचवी ते आठवीची दहा-बारा मुलं आणि तीन मोठी माणसं, असे सकाळचे दोन-तीन तास नदीत दगड-शिंपले वेचायला जाणार आहोत. मुक्काम शिरपूरला, त्यामुळे अनेर, अरुणावती किंवा थेट तापी, कुठलीही चालेल. अडचण अशी की पात्रात उतरलं की नुसते काळे गोटे आणि वाळू दिसते. अकीक, रंगीत गारगोटी नेमकी कुठे बघायची? शिंपले घरी आणले की वास मारतात आणि महिनाभरात त्यांचे पापुद्रे निघतात, त्यावर काय उपाय? आणि दगड ओले असताना सुंदर दिसतात, वाळले की मातीमोल. चकाकी टिकवायची तर काय करतात? जाणकारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही.

काळापाषाण

काळे गोटेच दिसतात, कारण कोरड्या गारगोटीवर पांढुरकी, धुरकट साल असते. ऊन पाठीमागून आलं तर ती साध्या दगडांतच जमा होते. सूर्य समोर हवा आणि खाली हवा, म्हणजे सकाळी साडेसहा ते साडेआठ. समोरच्या उन्हात अकीकाच्या कडा मेणासारख्या उजळतात, बाजूचा काळा दगड तसाच मुका राहतो. तापी पश्चिमेला वाहते, म्हणून सकाळी तिच्या पात्रात वरच्या अंगाला, पूर्वेकडे चालत जायचं. अनेर आणि अरुणावती सातपुड्यातून दक्षिणेला उतरतात. तिथे पश्चिमेच्या काठावरून पूर्वेच्या काठाकडे पात्र आडवं कापत जा, परत या, चार पावलं सरकून पुन्हा जा. मुलांना ओळीत उभं करून हे केलं तर एकही पट्टा सुटत नाही.

आता गारगोटी येते कुठून ते. आपल्या पायाखाली सगळा दख्खनचा काळा पाषाण, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्यातून सिलिका, कॅल्साइट, झिओलाइट साचत गेले. पाषाण झिजला की या गाठी सुट्या होऊन नदीत येतात. एक ते दहाच्या मोज पट्टीवर कॅल्साइटची कठिणता ३, स्टिल्बाइट-ह्यूलँडाइट या झिओलाइटांची साडेतीन-चारच्या आसपास, अकीकाची साडेसहा ते सात. नदीत चार कोस घरंगळलं की पहिल्या दोघांचं पीठ होतं, अकीक राहतो. म्हणून जळगावच्या नावाने जगभर विकले जाणारे ते पांढरे-गुलाबी स्फटिकांचे गुच्छ नदीत शोधू नका. ते दगडखाणीतून आणि विहिरींच्या खोदाईतून निघतात. नदीत मिळणार अकीक, साधी गारगोटी, लाल-पिवळा जास्पर आणि नशीब असेल तर आत हिरवं-काळं शेवाळ पसरल्यासारखा दिसणारा अकीक. ते शेवाळ नसतं, खनिजांचीच जाळी असते.

जागा. तापीचं खानदेशातलं पात्र बहुतेक गाळाच्या उंच दरडींमधून जातं, त्यामुळे मुख्य पात्रात बारीक वाळूच जास्त. जाड गोटे हवेत तर जिथे उपनदी मिळते तिथे जा. सातपुड्याच्या नद्या आखूड आणि उताराच्या, गोटे फार न झिजवता आणून टाकतात. दक्षिणेकडून गिरणा, बोरी, पांझरा, बुराई लांबून येतात, त्यांचा माल लहान पण गुळगुळीत. वळणावर आतल्या बाजूला जो गोट्यांचा पट्टा साचतो त्याचं वरचं टोक आधी बघा, जड माल तिथे पडतो, बारीक खाली जातो. मोठ्या खडकाच्या खालच्या अंगाला, पाण्याच्या आडोशाला, जी चिमूटभर जागा असते तीही सोडू नका.

ओळख पटवायला खिशात लोखंडी चाकू पुरे. दगडावर टोक दाबून ओढा. कॅल्साइट असेल तर चर पडतो. अकीक असेल तर चाकूचंच लोखंड घासून करडी रेघ उमटते आणि बोटाने पुसली जाते. हिरवट साल असलेला, बटाट्यासारखा, ओबडधोबड गोटा दिसला तर टाकू नका, पाषाणातली गाठ असते ती. आकाराच्या मानाने हलका लागला तर आत पोकळ असण्याची शक्यता. फोडायचाच तर गोणपाटात गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल लावून. अकीकाची कपची काचेसारखी कापते.

पिशव्या भरताना हात आवरा. अकीक, जास्पर, कॅल्साइट ही सगळी २०१५ पासून गौण खनिजांच्या यादीत आहेत. मुलांनी मूठभर वेचणं वेगळं आणि ट्रॉलीत गोण्या चढवणं वेगळं. आणि अनेर धरणाच्या भोवती अभयारण्य आहे, तिकडे यावलचंही आहे. हद्दीच्या आत एक खडासुद्धा उचलायचा नाही. हद्दीच्या खाली, गावाजवळच्या पात्रात वेचा.

शिंपलेवाली

काळापाषाण यांनी दगडांचं सांगितलं, मी शिंपल्यांपुरतं लिहिते.

आपल्या नद्यांत मोठा शिंपला दिसतो तो बाहेरून तपकिरी-काळपट, आतून मोत्यासारखा. त्याच्याबरोबर बोटाच्या पेराएवढे पिवळसर, गोल रेघांचे लहान शिंपले, हिरवट शंखासारख्या गोगलगाई, आणि मुठीएवढी मोठी गोगलगाय जिच्या तोंडावर झाकण असतं. उन्हाळ्यात पाणी ओसरतं तेव्हा फुगवट्याच्या (बंधाऱ्यामागे अडलेल्या पाण्याच्या) कडेच्या चिखलात हे सगळं सापडतं. शिवाय पुराने मागे टाकलेली काटक्या-पाल्याची रेघ असते तिच्यात. गोट्यांच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला शिंपले शोधू नका. हलका माल खालच्या टोकाला, शांत पाण्यात बसतो.

जिवंत काय आणि मेलेलं काय हे मुलांना आधी शिकवा, तिथेच सगळ्यांची चूक होते. दोन्ही झडपा घट्ट मिटलेल्या आणि हाताला जड, तर आत जीव आहे. चिखलात त्याच्या मागे नांगराच्या तासासारखा ओरखडा दिसेल. झाकणाच्या गोगलगाईचं तर विशेष, पाणी आटलं की ती चिखलात शिरून झाकण लावून महिनोन्‌महिने पडून राहते आणि पावसाळ्यात बाहेर येते. झाकण बंद म्हणजे मेली असं नाही. तिला जिथे होती तिथेच चिखलात ठेवा. मिटलेला शिंपला कोरड्यात पडला असेल तर गुडघाभर पाण्यात सोडा. मोठे शिंपले पाणी गाळून त्यातलं खाद्य खातात. त्यांची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना, परांना चिकटून वाढतात, म्हणजे मासा नसेल तर शिंपलाही नाही. पिशवीत फक्त उघड्या, रिकाम्या झडपा.

वास येतो तो आत वाळून चिकटलेल्या मांसाचा. उघड्या झडपा असतील तर साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवून जुन्या टूथब्रशने घासल्या की भागतं. गोगलगाईच्या पिळात आत काही अडकलं असेल तर गार पाण्यात टाकून मंद आचेवर तापवा, उकळी आल्यावर पाच-सात मिनिटं, मग त्याच पाण्यात निवू द्या. उकळत्यात टाकून एकदम गार पाण्यात काढला तर तडा जातो. याहून सोपं म्हणजे सावलीत मुंग्यांच्या वारुळाशेजारी दोन-चार दिवस ठेवून द्यायचं, फक्त वर पाटी पालथी घाला, नाहीतर मांजर नेतं.

पापुद्रे निघतात त्याला कारण ऊन. शिंपल्यावर बाहेरून जी तपकिरी कातडी असते ती वाळताना आकसते आणि खालचा पातळ थर सोबत ओढते. म्हणून गच्चीवर कडक उन्हात वाळवू नका. सावलीत, वर्तमानपत्रावर, आतली बाजू खाली. चार-पाच दिवसांनी औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन कापसाने अगदी पातळ पुसून घ्या. खोबरेल किंवा गोडेतेल लावू नका, चिकट होऊन धूळ धरतं आणि काही दिवसांनी खवट वास मारतं. कातडीच नको असेल, नुसता पांढरा शिंपला हवा असेल, तर धुण्याचं ब्लीच आणि पाणी समान घेऊन त्यात ठेवा आणि दर अर्ध्या तासाला बघा. कातडी सुटली की लगेच बाहेर. जास्त वेळ राहिला तर आतली मोतिया चमक खडूसारखी होते. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड किंवा व्हिनेगर मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो.

आणि शिंपल्याला व्हिनेगर, लिंबू, चिंच यांतलं काहीही लावायचं नाही. शिंपला चुन्याचा, आंबटात विरघळतो. बिजागरीजवळ टोक खरवडल्यासारखं पांढरं दिसतं, ते नदीत असतानाच झिजून झालेलं असतं. तो दोष म्हणून टाकू नका.

पांझरापार

जागा-दगड सगळं ठीक, पण आमच्याकडे म्हणतात ना, नदीना भरोसा नही भाऊ. मे महिन्यात पात्र कोरडं दिसतं म्हणून जाऊ नका, आधी चौकशी करा.

उन्हाळ्यात पिण्यासाठी धरणातून पात्रात आवर्तन सोडतात. गिरणेत हे दरवर्षीचंच. काल कोरड्या असलेल्या पात्रात आज कंबरभर पाणी येतं, तेही आकाश निरभ्र असताना. तापीवर हतनूरचे ४१ दरवाजे आहेत आणि खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज. बॅरेजच्या वरच्या अंगाला फुगवटा असतो, तिथले गोट्यांचे पट्टे पाण्याखाली असतात, म्हणजे तिकडे जाऊन उपयोगही नाही. चांगदेवचा संगम छान, पण तिथेही हतनूरचा फुगवटा. आदल्या दिवशी तलाठी, कोतवाल किंवा पाटबंधारेच्या चौकीवर विचारून घ्या. भोंगा वाजला की वेचलेलं तिथेच टाकून काठ चढायचा.

दुसरं, वाळू उपशाचे खड्डे. घोटाभर पाण्यातून चालताना एकदम डोक्याइतकं खोल लागतं. वरून पाणी सारखंच दिसतं, फक्त खड्ड्यावरचं पाणी जरा गडद असतं. मोठ्या माणसाने हातात सहा फुटी काठी घेऊन पुढे तळ चाचपायचा, मुलं त्याच्या मागे. कडेच्या दरडीखाली बसायला सावली मिळते म्हणून बसू नका, गाळाची दरड उन्हाने तडकलेली असते, ढासळते.

तिसरं कोणी सांगत नाही ते. गुरं बसतात अशा साचलेल्या डबक्यांत उतरल्यावर पायांना लगेच किंवा रात्री खाज सुटून लाल पुरळ येतं. चपट्या गोल गोगलगाई त्या डबक्यांत असतात. त्यांच्यातून गुरांच्या कृमींची सूक्ष्म पिल्लं पाण्यात सुटतात आणि माणसाच्या कातडीत घुसून तिथेच मरतात. दुखणं मोठं नाही, पण मुलं आठवडाभर खाजवत बसतात. वाहत्या पाण्यातच पाय धुवा आणि पाण्यातून निघाल्या निघाल्या टॉवेलने खसखसून पुसा, नुसतं वाऱ्यावर वाळवू नका.

माणशी दोन लिटर पाणी, टोपी, आणि साडेनऊला परत. दहानंतर गोटे इतके तापतात की स्लीपरच्या तळव्यातून चटका बसतो. बूट घाला, काटेरी बाभळीचे काटे पात्रात सगळीकडे.

अनेरकाठ

मनापासून आभार. शिंपलेवाली ताई, मुंग्यांची युक्ती झकास. दोन गोष्टी राहिल्या. बऱ्याच गोट्यांवर तांबडा गंज बसलेला असतो, तो कसा काढायचा? एका ठिकाणी वाचलं की ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात. आणि पॉलिशचं यंत्र परवडणारं आहे का, की हाताने जमेल?

काळापाषाण

ऑक्झॅलिक चालतं. प्लॅस्टिकची बादली, लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम, हातमोजे, उघड्या जागेत, आणि गरम करायचं नाही. दोन-तीन दिवसांत गंज सुटून पाणी पिवळट-हिरवट होतं. मग दोनदा साध्या पाण्यात धुऊन खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात रात्रभर. मुलांच्या हाती देऊ नका, पोटात गेलं तर विष आहे. उरलेल्या द्रावणात चुना टाकून ते निष्प्रभ करा, मगच टाकून द्या.

शिंपलेवाली

मधेच बोलते, क्षमस्व. त्याच बादलीत शिंपले किंवा कॅल्साइट लागलेले गोटे टाकू नका. ॲसिड चुन्याशी जुळून वर पांढरा थर चढतो आणि तो काही केल्या निघत नाही. शिवाय लाल अकीकाचा रंग लोखंडाचाच असतो. मला तरी साल काढून उघडा केलेला गोटा बोडका वाटतो, गंजाची तांबूस झाक काही गोट्यांना शोभते.

काळापाषाण

त्या झाकेवर आपलं कधी जमायचं नाही. पण अकीकाच्या आतला रंग ऑक्झॅलिकने सहसा जात नाही, वरचाच जातो. भेगाळलेला असेल तर मात्र फिका पडू शकतो, तेवढं तुमचं मान्य. उलट रंग वाढवायची रीत खंबायतच्या कारागिरांची. फिकट पिवळट अकीक आधी महिनोन्‌महिने उन्हात ठेवतात, मग मडक्यात भरून शेणाच्या गोवऱ्यांच्या मंद आगीत भाजतात. आतल्या लोखंडाचं पाणी उडून ते लाल होतं. घरी करू नका, आच एकदम वाढली तर दगड फुटून उडतो.

पॉलिशबद्दल. फिरत्या ड्रमचं यंत्र म्हणजे चार टप्पे आणि महिनाभराचं काम. दीड किलोच्या ड्रममध्ये गोटे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरायचे, लहान-मोठे मिसळून, पाणी गोट्यांच्या जरा खालपर्यंत. पहिल्या आठवड्यात ६०/९० नंबरचं सिलिकॉन कार्बाइड (घासायची दाणेदार पूड; नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक) चार मोठे चमचे, दुसऱ्यात २२०, तिसऱ्यात ६००, चौथ्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचं पॉलिश. ज्याला पहिल्याच टप्प्यात खड्डे राहिले तो गोटा पुढे नेऊ नका, परत पहिल्यात टाका. बहुतेकांचं बिघडतं ते दोन टप्प्यांच्या मधे. जाड दाण्याचा एक कण जरी भेगेत अडकून पॉलिशच्या टप्प्यात गेला तरी सगळ्या गोट्यांवर ओरखडे. ड्रम, झाकण, गोटे सगळं ब्रशने धुवा. तो राखाडी चिखल मोरीत ओतू नका, पाइपात सिमेंटसारखा बसतो. लाईट गेली तर बिघडत नाही, फक्त चिखल तळाला बसतो. परत सुरू करण्याआधी ड्रम हाताने हलवून घ्या. काळा पाषाण आणि अकीक एका ड्रममध्ये घालू नका, मऊ झिजतो आणि कठीण तसाच राहतो.

यंत्र नको असेल तर एकच आवडता गोटा घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर १२०, २२०, ४००, ८००, १५०० या क्रमाने, सतत ओला ठेवून. १२० वर सगळ्यात जास्त वेळ द्या, एका गोट्याला दोन-तीन तास सहज लागतात. कोरडा घासू नका, सिलिकाची धूळ फुप्फुसाला वाईट. आणि मुलांसाठी सगळ्यात सोपं: काचेच्या बरणीत पाणी भरून गोटे त्यात ठेवा. ओलेपणाची चमक आपोआप टिकते, पंधरा दिवसांनी पाणी बदला.

खापरखुणा

एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही. तापीकाठच्या पांढरीच्या टेकाडांवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखाडी मातीवर, जे सापडेल ते वेचायचं नाही. प्रकाशाला १९५५ मध्ये पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं. सावळदा गावावरून तर एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळालं. चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरलेला तुकडा निघाला, हजारो वर्षांपूर्वीचा. त्या लोकांनी पाती काढायला हाच अकीक, हीच गारगोटी वापरली, म्हणून गोंधळ होतो.

नदीने आपोआप तुटलेला गोटा आणि माणसाने काढलेलं पातं यातला फरक असा. पात्याच्या दोन्ही लांब कडा समांतर आणि धारदार, पाठीवर एक-दोन सरळ कणे, आणि जिथे ठोका बसला तिथे खालून एक छोटा फुगवटा, त्यातून पाण्यात खडा टाकल्यासारख्या लाटा पसरलेल्या. असं दिसलं तर तिथेच ठेवा, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून फोटो घ्या, जागेची खूण लिहा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. शंखाची बांगडी, रंगीत खापर यांचंही तेच. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. जागेवरून हलवली की तिचा अर्धा पुरावा गेला. मात्र दरडीतून बाहेर आलेले पांढरे, वेडेवाकडे, हाडांसारखे किंवा अंड्यांसारखे गोळे बघून फोन करू नका. तो गाळात तयार झालेला चुनखडा. चाकूने खरवडून भुकटीवर व्हिनेगर टाका, बुडबुडे येतील.

पांझरापार

पुढल्या वेळी मुलं समुद्र मागतीलच, म्हणून तेही. सुरत जवळ वाटतं, पण खंबायतच्या आखाताचा गाळ असतो. डुमसला काळी वाळू आणि चिखल, शिंपले बेताचेच. कोकणात जा आणि वेळ तिथीवरून काढा. तिथीला पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी सहाला, आणि त्या दिवसांत पाणी सगळ्यात लांब जातं. ओहोटीच्या दोन तास आधी किनाऱ्यावर पोचा, पाणी मागे सरकेल तसं तिच्यामागे जा, फिरलं की तुम्हीही फिरा. प्रवाळाचे तुकडे पिशवीत घालू नका, वन्यजीव कायद्यात ते संरक्षित आहेत, काही मोठे शंखही. रिकाम्या शंखात खेकडा राहतो, म्हणून उचलला की पाण्यात पालथा धरून मिनिटभर वाट बघा. पाय बाहेर आले तर घर त्याचं आहे.

अनेरकाठ

ठरलं. अरुणावतीचं पात्र, साडेसहा, आधी चौकीवर फोन. काठी आणि टॉवेल यादीत घातले. पांढरीच्या टेकाडाकडे मुलांना नेणार, पण हात पाठीमागे बांधून.